तुटीबाहेरचे सव्वासहा लाख

१० मार्च २०२५, सोमवार. बाबांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते आणि मी अमरावतीहून रजा काढून गावी आले होते. दुपारचे दोन वाजून गेले असतील. बाबा डोळ्यावर हिरवी पट्टी घेऊन आडवे, वहिनी कुरड्यांच्या चिकात कोपरापर्यंत बुडालेली, म्हणून मी उठून दादाच्या दुकानात जाऊन बसले. दुकान हार्डवेअरचं. सिमेंट, सळाखी, टिनपत्रे, पाइप, खिळे, चुना. तिथे एक वास असतो जो मला लहानपणापासून आवडतो आणि ज्यानं मला हमखास शिंका येतात : सिमेंटची नाकात चरचरणारी कोरडी धूळ, पेंटच्या उघड्या डब्याचा गुळमट दर्प आणि दारातून आत येणारी तापलेल्या डांबराची वाफ. मार्चची दहा तारीख, पण दारव्ह्याकडच्या उन्हाला कॅलेंडर कळत नाही. भिंतीवरच्या टीव्हीत अजित पवार राज्याचा अर्थसंकल्प वाचत होते. दादाचं तिकडे लक्ष नव्हतं, तो सळाखीच्या बंडलाचं वजन वहीत मांडत होता. बाकड्यावर दोघंतिघं बसलेली, त्यात इंजिनिअर होता.

इंजिनिअर हे त्याचं नाव नव्हे, पण गावात त्याला दुसऱ्या नावानं कोणी हाक मारत नाही. स्थापत्यची पदवी घेऊन पोरगा दोन वर्षं पुण्याला एका बिल्डरकडे राबला, कोरोनात परत आला तो आलाच. मग सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नाव नोंदवलं. सरकारी कामांचा ठरावीक वाटा अशा पोरांसाठी असतो, चिठ्ठ्या काढून कामं वाटतात. त्याच्या नावाची चिठ्ठी निघाली तेव्हा त्याच्या आईनं मारोतीपुढे नारळ फोडलं होतं आणि दादाच्या दुकानात पेढे आले होते. काम म्हणजे आमच्या गावच्या नाल्यावरचा रपटा, पावसात वरून पाणी जाऊ देणारा ठेंगणा पूल. नाल्यापलीकडे निम्म्या गावाचं शिवार आणि स्मशानभूमी. माझी आजी श्रावणात गेली होती, आणि तिला मांडीभर पाण्यातून पलीकडे नेताना खांदेकऱ्यांतला एक जण घसरला होता. ती तिरडी एका बाजूला कलली तो क्षण मी अजून विसरलेले नाही. त्यामुळे रपट्याचं काम निघालं तेव्हा मला झालेला आनंद नुसता गावकीचा नव्हता.

टीव्हीच्या तळाशी पट्टी सरकत होती. महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी. राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार २३५ कोटी. इंजिनिअरनं चहाचा कागदी कप चुरगळला, टीव्हीकडे मान वर करून बघितलं आणि मग माझ्याकडे वळून अगदी सरळ आवाजात विचारलं, “ताई, तुमी कॉलेजात शिकवता. एक सांगा. हे जे तूट सांगून रायले ना, याच्यात माहे सव्वासहा लाख धरले का नाई?”

सगळे हसले. मीही हसले. तो हसला नाही.

“मी मराठी शिकवते रे,” मी म्हणाले. खरं होतं, पण ते उत्तर नव्हतं, पळवाट होती. तो “बरं” म्हणाला, दादाला “येतो भाऊ” म्हणाला आणि गाडीला किक मारून निघून गेला. दादानं वही मिटली. नंतर कळलं, तो उधारीचं सांगायला आला होता. रपट्यासाठी दादाकडून नेलेल्या सिमेंट-सळाखीचे एक लाख सत्त्याऐंशी हजार त्याच्या नावावर होते आणि या महिन्यातही काही जमणार नाही एवढं सांगायला तो उन्हातून आला होता. माझ्यासमोर ते बोलायचं नाही म्हणून मध्येच अर्थसंकल्पाचा विषय काढला असावा. पण प्रश्न मात्र पक्का निघाला. रात्री कुरड्यांच्या खाटेशेजारी पडल्या पडल्या मला तोच ऐकू येत होता. धरले का नाई?

काम कसं अडलं होतं ते दादानं जेवताना सांगितलं. निधी ‘पंचवीस-पंधरा’चा. आमच्याकडे लोकांना सरकारी लेखाशीर्षं, म्हणजे पैसा कुठल्या खात्यातून येणार त्याचे आकडे, एसटीच्या नंबरांसारखी पाठ असतात. मूलभूत सुविधा म्हणजे पंचवीस-पंधरा, रस्ते म्हणजे तीस-चोपन्न नाहीतर पन्नास-चोपन्न. शाळा न शिकलेला म्हाताराही पारावर बसून “हे काम पंचवीस-पंधरातून होईन का तीस-चोपन्नमंधून?” असं विचारतो, आणि त्याला त्या आकड्यांचा बरोब्बर अर्थ ठाऊक असतो : कोणाकडे जायचं आणि कोणाकडे जाऊन उपयोग नाही. तर पंचवीस-पंधरातून रपटा मंजूर झाला, कार्यारंभ आदेश निघाला, पहिलं रनिंग बिल, म्हणजे झाल्या कामाचा पहिला हप्ता, मिळालं. त्या जोरावर पोरानं मिक्सर लावला, रेती तेव्हा सोन्याच्या भावात होती तीही घेतली, आणि २०२४ च्या मे महिन्यात स्लॅब टाकून मोकळा झाला. साहेबानं एमबी, म्हणजे मोजमापाची वही, लिहिली. सव्वासहा लाखांचं बिल गेलं. ते कार्यालयात पोचलं, टेबलावरून टेबलावर सरकलं, कॉम्प्युटरवर चढलं आणि तिथेच राहिलं. मंजुरी आहे, काम आहे, मोजमाप आहे, सही आहे. तरतूद सुटली नाही. बायकोचं डोरलं बँकेत तारण आहे. एका बाजूची विंगवॉल, म्हणजे काठाची माती धरून ठेवणारी भिंत, बांधायची राहिली आहे, कारण तिच्यासाठी आणखी चाळीस बोऱ्या सिमेंट लागेल आणि ते मागायला त्याला तोंड उरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या डोळ्यात थेंब टाकताना मी त्यांना विचारलं. बाबांची सारी नोकरी तालुक्याच्या उपकोषागारात गेली. थेंब टाकल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं असतं. ते डोळे मिटूनच म्हणाले, “नाही धरले.” मग बराच वेळ थांबून, जणू कुणी नवा लिपिक समोर उभा आहे अशा सुरात, “सरकारचा हिशेब रोखीचा असतो. कोषागारातून पैसा निघाला तर तो खर्च. नाही निघाला तर खर्च झालाच नाही. बिल टेबलावर वर्षभर पडून राहो, वहीत त्याची ओळ नाही. त्याचे सव्वासहा लाख दिले असते तर तूट सव्वासहा लाखांनी वाढली असती. दिले नाहीत. म्हणजे तेवढी वाचली.”

तेवढी वाचली.

बाबा हे बोलताना उपहासानं बोलत नव्हते, हे मुद्दाम सांगायला हवं. ते नियम सांगत होते. आयुष्यभर काटकसर केलेला माणूस. आलेली पाकिटं उलटी करून त्यांच्या आतल्या बाजूला ते किराण्याची यादी लिहीत, अजूनही लिहितात. सरकारी पेन्सिल घरी आणली म्हणून मी एकदा त्यांचा मार खाल्लेला आहे, म्हणजे पेन्सिल मीच त्यांच्या टेबलावरून उचलली होती, पण ती परत द्यायला तेच दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले होते. राज्यानं २००५ साली कायदा करून तुटीला लगाम घातला, राजकोषीय तूट राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या (जीएसडीपीच्या) ३ टक्क्यांच्या आत राखायची असं ठरलं, तेव्हा बाबांना मनापासून बरं वाटलं होतं. घरात जशी एखादी कडक सून यावी तसा हा कायदा आला, असं ते म्हणत. आई तेव्हा होती, तिनं फक्त भुवई उचलली होती.

माझ्या आठवणीत बाबांचं ऑफिस म्हणजे एकतीस मार्चची रात्र. आम्ही तेव्हा तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत राहायचो. त्या रात्री बाबा जेवायला येत नसत, मग आई मला आणि दादाला डबा घेऊन पाठवायची. कचेरीच्या आवारात जीपगाड्यांची गर्दी, कडुनिंबाखाली कारकुनांचे घोळके, आत दोऱ्यानं ओवलेल्या बिलांच्या चवडी आणि वितळलेल्या लाखेचा वास. बिल दाखल केलं की खिडकीतून एक पितळी टोकन मिळायचं. त्यावर नंबर कोरलेला. माणसं ते टोकन मुठीत धरून बसायची, जशी दवाखान्यात बसतात. बारा वाजायच्या आत बिल पास झालं तर पैसा, नाही तर तो निधी गेला. कुणी खत-गोदामाच्या रंगाचं बिल आणलेलं, कुणी शिलाई यंत्रांचं, कुणी शेजारच्या कुठल्याशा शाळेच्या सतरंज्यांचं. बाबा घामेजलेल्या चेहऱ्यानं प्रत्येक कागद उलटापालटा करून बघत आणि चुकलेल्या बिलावर लाल शाईनं आक्षेप लिहीत. एकदा एका साहेबानं त्यांच्यावर हात उगारला होता, असं नंतर आईकडून कळलं. घरी येताना पहाट व्हायची. रस्त्याच्या कडेला पळस पेटलेला असायचा आणि कुठूनतरी मोहाचा वास यायचा, आणि बाबा म्हणायचे, “वर्षभर झोपतात आणि शेवटच्या रात्री सरकारला लुटतात.”

त्यांचा तो राग मला वारशानं मिळाला. मार्चअखेरीस गावात अचानक उगवणारी लोखंडी बाकडी, कुणीही कचरा न टाकलेल्या कचराकुंड्या, व्यायामशाळेच्या खोलीला कुलूप आणि आत गंजणारी यंत्रं, हे सगळं बघितलं की माझ्या तोंडून बाबाच बोलतात. पण याच बाबांना मी दुसऱ्या एका गोष्टीवरून रडवेलं झालेलंही पाहिलं आहे. निधी परत गेला की. आमच्या भागात ‘परत गेला’ या दोन शब्दांना एक वेगळं वजन आहे, ते पुण्या-मुंबईच्या माणसाला समजावणं अवघड. पैसा वाचला असं इथे कुणी म्हणत नाही. पैसा परत गेला म्हणजे तो तिकडे गेला, पश्चिमेला गेला, आणि तो पुन्हा येणार नाही. विदर्भाला महाराष्ट्रात घेताना न्याय्य वाट्याचं वचन देणाऱ्या १९५३ च्या नागपूर करारापासून आमच्या वाडवडिलांनी हेच मोजलं. १९८४ साली दांडेकर समितीनं त्या मोजणीला आकडे दिले आणि ‘अनुशेष’, म्हणजे विकासाची थकबाकी, हा शब्द आमच्या बोलण्यात असा रुजला की आजी तो स्वयंपाकघरात वापरायची. वहिनी आजारी पडून चार दिवसांची धुणी साचली की आजी म्हणायची, “पोरी, गंज अनुशेष झाला ना व.” तेव्हा सरकारनं काटकसर करावी असं विदर्भातल्या माणसाला वाटतं, नाही असं नाही, पण ती आपल्या ताटापासून सुरू होते हा अनुभव त्याच्या हाडात असतो.

शिवाय अर्धवट ठेवून पैसा वाचतो यावर आमचा विश्वास बसावा कसा? गोसीखुर्द समोर आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींनी वैनगंगेवर भूमिपूजन केलं तेव्हा धरणाचा अंदाज ३७२ कोटींचा होता. पुढे तो १८ हजार कोटींच्याही वर गेला आणि कालव्यांची कामं संपलेली नाहीत. किंमत वाढायला पैशाची चणचण हेच एक कारण नव्हतं, पुनर्वसन होतं, जमिनीचे वाढलेले भाव होते, घोटाळ्यांच्या चौकश्या झाल्या तेही होतं. पण दरवर्षी थोडं थोडं देऊन काम जिवंत ठेवायचं, मरू द्यायचं नाही आणि जगूही द्यायचं नाही, ही जी रीत आहे तिचा त्या अठरा हजारांत वाटा किती, हे कुणीतरी एकदा मांडायला हवं. इंजिनिअरची विंगवॉल चाळीस बोऱ्यांत होणार होती. दोन पावसाळे गेले की तिथली माती खचेल, मग चाळीसात होणार नाही. दादाला हे विचारलं तर तो खांदे उडवून म्हणाला, “मंग नवं इस्टिमेट. आनखी एक पंचवीस-पंधरा.”

थकलेल्या पैशाची वाट बघणं आमच्या घराला नवं नाही. १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी आली. सगळा कापूस सरकार घेणार, व्यापाऱ्याच्या दारात जायला नको, याचं आजोबांना केवढं अप्रूप होतं. खरेदी केंद्राबाहेर बंड्यांची रांग, रात्रभर बैलांच्या घंटा, बंडीखाली घोंगडी टाकून झोपलेली माणसं आणि अंगाला चिकटणारी सरकी. ग्रेडरनं बोटांनी कापूस ओढून बघितला की आजोबांचा श्वास अडकायचा. आणि मग चुकारा, म्हणजे दिलेल्या कापसाचे पैसे. तो शब्द उच्चारताना आजोबांचा आवाज खाली यायचा. चुकारा आला की आत्याचं लग्न, चुकारा आला की विहिरीचा गाळ, चुकारा आला की मला चपला. कधी तो पेरणी उलटून गेल्यावर यायचा. तोवर बियाणं सावकाराकडून. शेवटी त्या योजनेचा तोटा सरकारला झेपेना आणि ती बंद पडली. अर्थशास्त्र शिकवणारे आमचे एक सहकारी म्हणतात की ती बंद होणं अटळच होतं, इतका तोटा कुठलंही राज्य पोसू शकत नाही. मला ते पटतं. पण आजोबांनी चुकाऱ्याची वाट बघताना सावकाराला दिलेलं व्याज त्या तोट्यात कुठे होतं? तेही तुटीबाहेरच होतं. हे मला इतक्या वर्षांनी, त्या पोराच्या प्रश्नामुळे सुचलं.

आजीनं लहानपणी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलेलं. आमच्या वऱ्हाडात त्या पिढीतल्या पुष्कळांनी ऐकलं. हातात खराटा, डोक्यावर खापर, आणि कीर्तनात लोकांनाच उलटे प्रश्न : कर्ज काढून सण कशाला करता, देवाला बकरं कशाला कापता? आजीनं तेवढं एक वेद मानलं. ऋण काढून सण करायचा नाही. आमच्या घरी पोळ्याला पुरणाऐवजी गुळाचा भात झालेली वर्षं मला आठवतात आणि त्यावर कुणी कुरकुर केलेली आठवत नाही. पण त्याच गाडगेबाबांनी पंढरपूरला, मुंबईला धर्मशाळा उभ्या केल्या, आणि स्वतः मात्र झाडाखाली झोपले. आजीला हे दोन्ही एकच वाटायचं. मला ते एकच आहे हे समजायला फार वेळ लागला, आणि समजलं तेव्हा आपण कुठल्या बाजूला आहोत हेही समजलं.

कारण घरात बसून काटकसरीवर बोलणारे आम्ही कोण? बाबांचं पेन्शन महिन्याच्या सुरुवातीला जमा होतं. माझा पगार अनुदानित कॉलेजचा, सातव्या वेतन आयोगाचा. राज्याच्या महसुलातला निम्म्याहून जास्त पैसा पगार, पेन्शन आणि जुन्या कर्जाच्या व्याजात जातो, आणि तो पहिला घास असतो. तो थांबत नाही. उरलेल्यात ओढाताण होते आणि ओढाताणीत जे मागे राहतं ते कामाचं असतं : रपटा, शाळेची खोली, पाण्याची टाकी. २०२० च्या ४ मे रोजी सरकारनं आदेश काढला होता, कोरोनामुळे त्या वर्षी योजनांना ३३ टक्केच निधी, नवी भरती बंद. तेव्हाही आम्ही घरी बसून पगार घेतला. मी त्या काळात आंबट चुका लावला होता आणि ‘साधं जगणं’ या विषयावर फेसबुकवर लिहिलंही होतं. आता ती पोस्ट आठवली की कानशिलं गरम होतात.

आणि स्टाफरूममध्ये लाडक्या बहिणींवर जी टिंगल होते तिच्यात मीही होते. पंधराशे रुपये, मतांसाठी, तिजोरी रिकामी, वगैरे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्या योजनेला ३६ हजार कोटी ठेवले होते, तेव्हा टिंगलीला आकड्याचा आधारही होता. पण त्याच दुपारी, इंजिनिअर निघून गेल्यावर, पलीकडच्या आळीतली काकू दुकानात आली होती. कापूस वेचून तिची बोटं चिरलेली, त्यात काळ्या रेघा. पदराच्या गाठीतून पाचशेची नोट काढून तिनं दादासमोर ठेवली. मागच्या पावसाळ्यात तिनं छपराचे टिनपत्रे उधार नेले होते, आणि खात्यात पंधराशे आले की त्यातले पाचशे ती न चुकता आणून देते. “मांड बापा,” ती म्हणाली. दादानं मांडलं. तिनं वाचता येत नसूनही वहीत डोकावून बघितलं. मी विचारलं, बाकीच्या हजाराचं काय करतेस? “दवाई,” ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे नीट बघून, “आन् मंग काय करू? तूच सांग.”

मी काय सांगणार. तिला मिळतात म्हणून त्याला मिळत नाहीत, असं म्हणणं सोपं आहे, आणि थोडं खरंही असेल. निवडणुकीच्या वर्षात जे एकदम कबूल केलं त्याची किंमत कुठून तरी निघणारच होती. पण कात्री माझ्या हातात दिली तर मी पहिल्यांदा कुठे लावीन? काकूच्या पाचशेला? बाबांच्या पेन्शनला? माझ्या महागाई भत्त्याला? मी मनात बराच वेळ ती कात्री फिरवली आणि प्रत्येक वेळी ती माझ्याजवळ आली की बोथट व्हायची. बाबांना विचारलं तर ते म्हणाले की मुळात अंदाजच खरे करा. मार्चमध्ये एक अर्थसंकल्प मांडायचा आणि मग प्रत्येक अधिवेशनात पुरवणी मागण्या घेऊन उभं राहायचं, हे त्यांना फार खटकतं. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरलं की बाबा पेपरात पहिल्यांदा पुरवणीचा आकडा शोधतात. मी हसून म्हटलं, आमच्याकडे जो विद्यार्थी फार पुरवण्या घेतो त्याला बहुधा काहीच येत नसतं. बाबा हसले नाहीत. डोळ्यावरची पट्टी सारखी करत म्हणाले, “जेवढं देता येतं तेवढंच कबूल करावं, आणि कबूल केलं की त्या दिवशी द्यावं. एवढंच बजेट असतं. बाकी सगळं भाषण.”

मी अमरावतीला परत आले. उन्हाळा गेला, परीक्षा गेल्या, पेपर तपासून झाले. प्रश्न मात्र तसाच अंगावर राहिला, कपड्याला चिकटलेल्या कुसळासारखा, दिसत नाही पण बसलं की टोचतं.

पोळ्याला गावी गेले. सकाळी पाऊस झाला होता. बैल धुवायला नाल्यावर न्यायची पद्धत, म्हणून मीही पोरांबरोबर तिकडे गेले. रपटा होता. त्यावरून गढूळ पाणी पातळ चादरीसारखं वाहत होतं आणि पोरं त्यात पाय आपटत होती. डावीकडची विंगवॉल जिथे नव्हती तिथे पाण्यानं बाजूची काळी माती खाऊन खोबण केली होती, बैलगाडीचं एक चाक जाईल एवढी. कुणीतरी त्यात बाभळीचा फाटा रोवून ठेवला होता. खूण म्हणून. आजीची आठवण आली, मग मी तिकडे बघणं टाळलं.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल सजवून घरोघरी फिरतात आणि बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे, मागतात. दादाच्या दुकानापुढे सकाळपासून चिल्ल्यापिल्ल्यांची रीघ. कुणाच्या बैलाला चाकं होती, कुणाच्या बैलाचा एक कान मोडलेला, कुणी सगळ्या बैलांवर मोबाइलच्या चार्जरची माळ घातलेली. इंजिनिअर बाकड्यावर बसला होता. मार्चपेक्षा वाळलेला वाटला. काही पैसे आले, असं त्यानंच सांगितलं. सव्वासहातले दोन लाख वीस हजार. डोरलं सोडवलं, दादाला साठ हजार दिले, मजुरांचे दिले, संपले. उरलेल्याचं पुन्हा तेच. मी म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर आणलं आहे. त्याला आधी आठवेना. मग आठवलं तेव्हा तो सावरून बसला.

“नाही धरले,” मी म्हटलं. बाबांनी सांगितलं तसंच सगळं सांगितलं, रोखीचा हिशेब, निघालेला पैसा, न निघालेला पैसा. तो लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी मान हलवली.

“मंग बरं झालं ना ताई,” तो म्हणाला. “माह्यामुळं तरी सरकारची तूट नाई वाढली.”

दादा फिसकन हसला. इतक्यात पाचसहा पोरं दुकानात घुसली, त्यांच्यात इंजिनिअरची मुलगीही होती, चार वर्षांची, हातात वितभर बैल, बैलाच्या शिंगांना लाल ऑइलपेंट, तो दादाच्याच दुकानातला असणार. पोरांनी कालवा केला. इंजिनिअरनं खिसे चाचपले. एकात किल्ली निघाली, दुसऱ्यात चुरगळलेली पावती. तो दादाकडे वळला. “भाऊ, दहा-दहाच्या पाच नोटा द्या. मांडून ठेवा.”

दादानं गल्ला उघडून नोटा काढल्या. इंजिनिअरनं त्या पोरांना वाटल्या, आपल्या पोरीला सगळ्यात शेवटी, आणि तिचा बैल उचलून त्याच्या पाया पडला. दादानं वही ओढली, पान उलटलं, त्याचं खातं काढलं आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं : बोजारा, ५०.